लघवीच्या मार्गाचा कॅन्सर: युरो-ऑन्कोसर्जन नेमकं काय शिकलेला असतो?

मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीचा, कॅन्सर झाल्याचं जाहीर झालं. बातमीत तीन तांत्रिक गोष्टी होत्या: ग्लीसन स्कोअर ९, ग्रेड ग्रुप ५, आणि आजार हाडांपर्यंत पोचलेला. ऑक्टोबरमध्ये कळलं, की त्यांच्यावर हार्मोनचे उपचार आणि रेडिएशन चालू आहे. प्रोस्टेट काढण्याच्या ऑपरेशनचा उल्लेख कुठेच नव्हता. ज्याला जगातला कुठलाही सर्जन मिळू शकतो, त्याचं ऑपरेशन का नाही? आणि मग आपल्या सोसायटीतल्या काकांचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा, जरासा वाढला, तर घरचे लगेच "कधी काढायचं?" असं का विचारतात?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं युरो-ऑन्कोसर्जनकडे असतात. त्याच्या हाताचं कौशल्य मोठं असतंच. पण कुठल्या अवयवात, कुठल्या टप्प्यावर, किती कापायचं आणि कुणाला हातच लावायचा नाही, हे ठरवण्यात त्याचं निम्मं शिक्षण खर्ची पडलेलं असतं.

हा डॉक्टर कोण?

किडनी, किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या दोन नळ्या, मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी, प्रोस्टेट, वृषण आणि शिश्न या अवयवांच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया करणारा तो युरो-ऑन्कोसर्जन. किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीही बऱ्याचदा त्याच्याकडेच येतात. "युरोलॉजिस्ट म्हणजे पुरुषांचा डॉक्टर" हा समज बायकांना फार महागात पडतो. किडनी आणि मूत्राशय त्यांनाही आहेत. लघवीतलं रक्त पाळीचं किंवा इन्फेक्शनचं समजून त्यांचे कित्येक महिने वाया जातात.

भारतात हा रस्ता असा आहे: साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षं एमसीएच किंवा तिच्या तोडीचं डीआरएनबी. इथे दोन वाटा फुटतात. काहीजण युरोलॉजी करून पुढे कॅन्सरची फेलोशिप घेतात, काहीजण सर्जिकल ऑन्कोलॉजी करून मूत्रमार्गाच्या कॅन्सरकडे वळतात. दोन्ही वाटांनी उत्तम सर्जन तयार झालेले आहेत. स्वतंत्रपणे टेबलापाशी उभं राहीपर्यंत तिशी मात्र उलटून गेलेली असते.

रोजच्या युरोलॉजीत मूतखडे आणि वयानुसार वाढलेलं प्रोस्टेट हीच कामं जास्त. तिथून एक गैरसमज निघतो: "माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन दहा वर्षांपूर्वीच झालंय, मला कसा होईल कॅन्सर?" दुर्बिणीतून होणाऱ्या त्या ऑपरेशनला टीयूआरपी म्हणतात. त्यात लघवीची वाट अडवणारा आतला भाग खरवडून काढतात, बाहेरचं कवच जागच्या जागी राहतं. प्रोस्टेटचे बहुतेक कॅन्सर त्या बाहेरच्या भागातच उगवतात. त्यामुळे टीयूआरपी झालेल्यालाही कॅन्सर होऊ शकतो.

प्रोस्टेट: आकडा वाढला म्हणजे काय?

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन. ते थोडंसं रक्तात उतरतं, तेच मोजतात. पूर्वापार ४ ही सीमा धरली जाते, पण ती काही लक्ष्मणरेषा नाही. लघवीचं इन्फेक्शन, लघवी तुंबणं, नुकतीच घातलेली नळी, साधी वयाची वाढ, यांतल्या कशानेही आकडा चढतो. म्हणून इन्फेक्शन असेल तर ते आधी बरं करून काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करतात.

उलटीही चूक होते. प्रोस्टेट वाढलंय म्हणून फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइडची गोळी चालू असेल, तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो. रिपोर्टवर ३ दिसतं, ते खरं ६ असतं. लॅबला हे माहीत नसतं, त्यामुळे रिपोर्टावर ठळक अक्षरात काही छापून येत नाही. सर्जनकडे जाताना गोळ्यांची पाकिटं घेऊन जावं, ते यासाठी.

पुढची पायरी एमआरआय. त्यात संशयास्पद जागेला १ ते ५ असे गुण देतात. मग तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी. साधारण १२ जागांचे बारीक तुकडे आणि एमआरआयमध्ये दिसलेल्या जागेचे वेगळे. सुई गुदमार्गातून घालता येते, किंवा वृषणपिशवी आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून. दुसऱ्या पद्धतीत इन्फेक्शनचा धोका कमी.

आता ग्लीसन. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी पाहून सर्वांत जास्त दिसणाऱ्या मांडणीला एक अंक देतो, दुसऱ्या मांडणीला दुसरा, आणि दोन्हींची बेरीज करतो. आजच्या पद्धतीत बेरीज ६ पासून सुरू होते आणि १० ला संपते. ३+३ म्हणजे ग्रेड ग्रुप १, सर्वांत सौम्य. ३+४ म्हणजे ग्रुप २. ४+३ म्हणजे ग्रुप ३. बेरीज दोन्हीकडे ७ असली तरी ४ चा भाग जास्त असला की आजार जास्त आक्रमक. ८ म्हणजे ग्रुप ४, आणि ९-१० म्हणजे ग्रुप ५.

ग्रुप १ ला बहुतेकदा लगेच ऑपरेशन करत नाहीत. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी, अशी देखरेख ठेवतात. "कॅन्सर अंगात ठेवून नुसतं बघत बसायचं?" हा प्रश्न घराघरांत विचारला जातो, आणि त्याचं उत्तर आकड्यांत आहे. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या चाचणीत १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. आजार सर्वांचाच प्रोस्टेटपुरता होता. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निकाल आले. प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले सगळे मिळून ४५, म्हणजे २.७ टक्के. तिन्ही गटांत फरक नगण्य. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण अधिक होतं, हे लपवू नये. पण पंधरा वर्षांत त्याचा मृत्यूंवर परिणाम दिसला नाही.

दुसऱ्या टोकाला बायडेन यांच्यासारखी स्थिती. आजार हाडांत गेलेला असताना प्रोस्टेट काढून हाडातला कॅन्सर जात नाही. तिथे पुरुषी हार्मोन तोडणं हा उपचाराचा पाया. हे १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं. ते स्वतः युरोलॉजीचे सर्जन होते आणि त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ऑपरेशनचा खरा उपयोग या दोन टोकांच्या मधल्यांना. त्यात प्रोस्टेट आणि मागच्या वीर्यपिशव्या काढून मूत्राशयाचं तोंड खाली मूत्रनलिकेला शिवतात. टाका भरेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस नळी. खाली लघवी रोखणारा स्नायू, दोन्ही बाजूंना ताठरतेच्या नसा म्हणजे मज्जातंतू, आणि मध्ये कॅन्सर. नसा वाचवाव्यात तर कॅन्सर मागे राहण्याची भीती, रुंद कापावं तर नसा जातात.

या नसा नेमक्या कुठून जातात हे १९८० पर्यंत सर्जनना नीट माहीतच नव्हतं. १९०४ पासून ऑपरेशन होत होतं आणि ताठरता जाणं हे नशीब समजलं जात होतं. जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श १९८१ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे निवृत्त युरोलॉजिस्ट पीटर डोंकर यांना भेटले. डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहाचं विच्छेदन करत होते. तिथे या नसा स्वच्छ दिसत होत्या, आणि त्या प्रोस्टेटच्या कवचाच्या बाहेरून जात होत्या. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी नसा वाचवणारं पहिलं ठरवून केलेलं ऑपरेशन केलं. आजच्या रोबोटच्या स्क्रीनवर सर्जन जी वाट शोधतो ती हीच.

मूत्राशय: एकदा येऊन थांबलेलं रक्त

लघवीतून रक्त, दुखणं काहीच नाही. दोन दिवसांत आपोआप थांबतं. मग माणूस म्हणतो, उष्णता झाली होती. मूत्राशयाच्या कॅन्सरचं हे नेहमीचं पहिलं लक्षण, आणि ते थांबतं हाच त्याचा फसवेपणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी तपासणी टाळू नये. गोळीमुळे रक्त जास्त वाहील, पण ते कुठून येतंय हा प्रश्न उरतोच. साध्या सोनोग्राफीत लहान आणि चपटी गाठ निसटू शकते, म्हणून दुर्बिणीतून आत पाहणं भाग पडतं. सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर. त्यानंतर रंग आणि रबर कारखान्यांतली काही रसायनं.

पहिलं ऑपरेशन दुर्बिणीतूनच: गाठ तारेच्या गरम कडीने खरवडून काढणं, ज्याला टीयूआरबीटी म्हणतात. "नुसती गाठ काढली, लहान ऑपरेशन होतं" असं डिस्चार्जच्या दिवशी ऐकू येतं. माझ्या मते या सगळ्या शाखेत सर्वांत कमी लेखलं गेलेलं ऑपरेशन हे आहे. भिंतीला ओल आली की पोपडा काढून भागत नाही, ती विटेपर्यंत गेली का ते पाहावं लागतं. इथे वीट म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू. तुकड्यांमध्ये तो आलाच नसेल, तर कॅन्सर वरवरचा की खोल हे पॅथॉलॉजिस्ट सांगूच शकत नाही. रिपोर्टमध्ये "स्नायू आढळला नाही" असं असेल, किंवा आजार आक्रमक दिसत असेल, तर दोन ते सहा आठवड्यांत तीच जागा पुन्हा खरवडतात. पेशंटला वाटतं पहिल्यांदा चुकलं. कधी तसं असतंही, पण दुसरी खरवड हा बऱ्याचदा नियमाचाच भाग असतो.

बिघडतं कुठे? मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीलगत मांडीची एक नस जाते. तिथे विजेची कडी फिरली की मांडी जोरात झटका देते आणि कडी भिंतीच्या आरपार जाऊ शकते. कमरेत दिलेल्या भुलीने हा झटका थांबत नाही. म्हणून बाजूची गाठ असेल तर त्या नसेला वेगळं इंजेक्शन देतात किंवा स्नायू ढिले करून पूर्ण भूल देतात.

कॅन्सर वरवरचा पण आक्रमक असेल तर बीसीजी. हो, जन्मल्यावर टीबीसाठी टोचतात तीच लस, नळीतून मूत्राशयात सोडायची. १९७६ मध्ये अल्व्हारो मोरालेस यांनी हा उपयोग दाखवला. आठवड्याला एक असे सहा डोस, दर वेळी साधारण दोन तास लघवी धरून ठेवायची, पुढे तीन-तीन डोसांचे टप्पे वर्षभर ते तीन वर्षं. डोसानंतर पहिले सहा तास लघवी बसूनच करावी आणि संडासात ब्लीच टाकून मग पाणी सोडावं, कारण लशीत जिवंत जंतू असतात. लघवीत रक्त किंवा इन्फेक्शन असताना, किंवा नळी घालताना इजा झाली असताना त्या दिवशी डोस देत नाहीत. जंतू थेट रक्तात गेले तर जिवावर बेतू शकतं. डोसानंतर दोन दिवसांहून जास्त ताप राहिला तर घरी पॅरासिटामॉल खात बसू नये.

कॅन्सर स्नायूत शिरला असेल तर गणित पूर्ण बदलतं. पेशंटची किडनी साथ देत असेल तर आधी केमो, मग पूर्ण मूत्राशय काढणं. निवडक पेशंटमध्ये खरवडून, केमो आणि रेडिएशन एकत्र देऊन मूत्राशय राखताही येतं. काढल्यावर लघवी जाणार कुठे? आतड्याचा साधारण १५ ते २० सेंटिमीटर तुकडा घेऊन, त्याला किडनीच्या नळ्या जोडून, त्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला उघडतात आणि तिथे पिशवी चिकटवतात. ही रचना युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये मांडली आणि आजही जगभर हीच सर्वांत जास्त होते. दुसरा पर्याय आतड्याच्या ५०-६० सेंटिमीटर लांबीतून नवं मूत्राशय शिवण्याचा. बाहेर पिशवी नाही, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण नव्या मूत्राशयाला भरल्याची जाणीव नसते. गजर लावून रात्री उठावं लागतं, आतड्याचा चिकट स्राव लघवीत येतो, काहींना स्वतः नळी घालून रिकामं करावं लागतं. किडनी कमजोर असेल तर हा पर्याय देतच नाहीत.

पोटावरच्या तोंडाची जागा ऑपरेशनच्या आधी पेशंटला बसवून, उभं करून, वाकवून पेनने खुणावतात. परकराची नाडी कुठे येते, पँटचा पट्टा कुठे बसतो, पोटाची वळी कुठे पडते हे तेव्हाच पाहायचं. झोपलेल्या पेशंटवर टेबलावर ठरवलेली जागा पुढे आयुष्यभर पिशवी गळायला लावू शकते.

किडनी: "दुसरी आहेच की"

किडनीच्या बऱ्याच गाठी आता दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल तर फक्त गाठ काढून किडनी राखणं हा पहिला विचार. त्यावर हमखास येणारं म्हणणं: लोक किडनी दान करतात, मग पूर्ण काढली तर काय बिघडलं? दान करणारा माणूस कसून तपासून निवडलेला निरोगी माणूस असतो. कॅन्सरचा पेशंट बहुधा साठीचा, मधुमेह आणि बीपी असलेला. त्याची दुसरी किडनीही थकत चाललेली असते.

गाठ काढताना किडनीची धमनी चिमट्याने बंद करतात, नाहीतर रक्तात काही दिसत नाही. पण रक्त बंद असताना किडनी उपाशी असते. २५ ते ३० मिनिटांच्या आत गाठ कापून, लघवीच्या उघड्या वाहिन्या आणि रक्तवाहिन्या शिवून चिमटा सोडायचा असतो. रोबोटचा सर्वांत प्रामाणिक उपयोग इथे आहे, कारण शिवणं जलद होतं. घरी गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी लघवीतून अचानक लाल रक्त आलं, तर टाक्याखाली धमनीचा फुगा फुटल्याची शक्यता असते. तेव्हा थेट मोठं हॉस्पिटल गाठावं. मांडीतून बारीक नळी नेऊन ती धमनी बंद करतात, बहुतेकदा पोट पुन्हा उघडावं लागत नाही.

उलट गाठ शिरेतून वर सरकत मुख्य नीलेत, कधी हृदयापर्यंत गेलेली असेल, तर यकृताचा आणि हृदयाचा सर्जन शेजारी उभा लागतो. हे काम प्रत्येक ठिकाणी होत नाही, आणि होतं असं सांगणाऱ्याला मागची उदाहरणं विचारावीत.

सुई लावली की पसरतो म्हणतात, ते खरं का?

प्रोस्टेटच्या बाबतीत ही भीती सोडून द्यावी, बायोप्सीशिवाय उपचारच ठरत नाही. किडनीत असं होणं फार दुर्मिळ. वृषणात मात्र सुई लावायचीच नाही, आणि वृषणाच्या पिशवीवर छेदही घ्यायचा नाही. वृषणाचा लसिकामार्ग, म्हणजे कॅन्सरच्या पेशी ज्या बारीक वाहिन्यांतून पुढे सरकतात तो मार्ग, पोटात महाधमनीच्या कडेच्या लसिकागाठींकडे जातो. पिशवीच्या कातडीचा जातो जांघेत. चुकीच्या जागी कापलं की आजाराला नवा रस्ता मिळतो. म्हणून जांघेत छेद घेऊन, वरची दोरी आधी बांधून पूर्ण वृषण काढतात.

हा आजार मुख्यतः १५ ते ४० वयातल्या मुलांचा. न दुखणारी कडक गाठ असते. लाजेने घरात सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी "पाणी भरलंय" म्हणून सोडून दिलं जातं. लहानपणी वृषण खाली उतरलं नसेल तर धोका जास्त. ऑपरेशनच्या आधी एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या तीन रक्ततपासण्या हव्यातच, नंतर आकडे उतरतात की नाही हे त्यांच्याशीच ताडून पाहायचं असतं. केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवण्याचं विचारावं. डॉक्टर विसरले तर आईवडिलांनी विचारावं. सिस्प्लॅटिन या औषधामुळे पसरलेला आजारही मोठ्या प्रमाणावर बरा होतो, त्यामुळे या मुलांपुढे चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य असतं.

शिश्नाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांत विरळा, आपल्याकडे तितका विरळा नाही. मागे न सरकणारी कातडी, अस्वच्छता, एचपीव्ही विषाणू आणि तंबाखू ही कारणं. पेशंटचं पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी जांघेतल्या लसिकागाठींवर ठरतं, म्हणून त्या तपासल्याशिवाय उपचार अपुराच.

रोबोट आहे का, की हात किती चालला आहे?

रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन शेजारच्या कन्सोलवर बसून हात हलवतो, तीच हालचाल पोटातल्या बारीक अवजारांत उतरते. दा विंची या यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली. रक्त कमी जातं, पेशंट लवकर घरी जातो, हे खरं आहे. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये प्रोस्टेटच्या पेशंटना चिठ्ठीप्रमाणे उघडं किंवा रोबोटने ऑपरेशन देऊन तुलना झाली. दोन वर्षांनंतर लघवीवरचा ताबा आणि ताठरता दोन्ही गटांत सारखीच होती.

फरक कशाने पडतो, त्याचा एक चांगला पुरावा २००७ मध्ये आला. ७२ सर्जनांनी उघड्या पद्धतीने प्रोस्टेटचं ऑपरेशन केलेल्या ७,७६५ पुरुषांचा तो अभ्यास. ज्या सर्जनची आधी १० ऑपरेशनं झाली होती, त्याच्या पेशंटमध्ये पाच वर्षांत आजार उलटण्याची शक्यता १७.९ टक्के. २५० झालेल्याकडे १०.७ टक्के. म्हणून "रोबोट आहे का" च्या आधी "हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता" हे विचारावं. चांगला सर्जन त्याने रागावत नाही. रेडिएशनच्या डॉक्टरांनाही भेटू का, असंही विचारून बघावं. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर केंद्रांत सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून अवघड केस ठरवतात. लहान गावात ती सोय नसली तरी दुसरं मत घेता येतं.

दुसऱ्या मताला नुसती रिपोर्टची झेरॉक्स नेऊन उपयोग नाही. सीटी आणि एमआरआयची सीडी, ऑपरेशनच्या नोंदी असलेलं डिस्चार्ज कार्ड, तारखांसह सगळे जुने पीएसए, आणि पॅथॉलॉजीच्या काचेच्या स्लाइड व मेणाचे ब्लॉक न्यावेत. ब्लॉक म्हणजे तुमचाच तुकडा मेणात जपून ठेवलेला. अर्ज केल्यावर लॅब तो सही घेऊन देते. वाचून झाला की परत नेऊन द्यावा. आजार दोन वर्षांनी उलटला तर नव्या औषधांसाठी लागणाऱ्या जनुकांच्या चाचण्या त्याच ब्लॉकवर करता येतात, आणि तेव्हा तो घरच्या कपाटात, उन्हाळ्याच्या उष्णतेने खराब झालेला नसावा.